कळवणची वाट आणि मेंदूची शिदोरी

नाशिकहून दिंडोरीमार्गे उत्तरेकडे निघालात की वणी मागे पडताच समोर सातमाळा डोंगररांगेची भिंत उभी राहते. कातळमाथ्याचे एकामागून एक डोंगर, त्यांतच सप्तशृंगीचा गड आणि त्याच्यासमोर मार्कंडेयाचा डोंगर. नांदुरीची खिंड ओलांडून रस्ता पलीकडे उतरतो आणि आपण कळवण तालुक्याच्या गिरणा खोऱ्यात येतो. पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावणारी गिरणा येथून वाहत पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. तिच्या काठची शिवारे कांद्याची आणि मक्याची. पश्चिमेकडे चढत गेलात की कोकणा, भिल्ल, महादेव कोळी या समाजांची गावे लागतात, तेथे नागली, वरई, भात, उडीद आणि खुरासणी यांची शेती होते.

कळवणला लोक प्रामुख्याने देवदर्शनासाठी किंवा बाजारासाठी येतात. आज आपण थोड्या वेगळ्या हेतूने ही वाट चालू. अन्न, ताण आणि शरीरातील चयापचय यांचा माणसाच्या मेंदूवर व वागण्यावर काय परिणाम होतो, हा विषय पुस्तकात कोरडा वाटतो. परंतु गडाच्या पायऱ्या, नागलीची भाकर आणि कांद्याची चाळ डोळ्यांसमोर ठेवली की तो आपल्या घरातला होतो. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, किंवा आपण स्वतःच त्या वयाचे असाल, तर हा विषय अधिकच जवळचा आहे.

गडाच्या पायऱ्या आणि रिकामे पोट

नांदुरीपासून गडावरच्या गावापर्यंत सुमारे १० किलोमीटरचा घाट आहे. तेथून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉलीची सोय झाली, त्यामुळे गुडघ्यांनी हार मानलेल्या अनेकांना देवीचे दर्शन पुन्हा सुलभ झाले. तरीही नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत पायी येणाऱ्यांची, पायऱ्या चढूनच दर्शन घेणाऱ्यांची श्रद्धा अढळ आहे. चैत्रात तर खानदेशातून ऐन उन्हात दिंड्या येतात आणि त्यांत वयस्कर माणसे पुष्कळ असतात. अनेकांचा उपवास असतो.

आता शरीरात काय घडते ते पाहा. माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर विश्रांतीत असताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. शिवाय स्नायू किंवा यकृत साखरेचा साठा करतात, तसा साठा मेंदूत जवळजवळ नसतो. रक्तातून क्षणोक्षणी येणाऱ्या साखरेवर त्याचा संसार चालतो.

निरोगी माणसाने उपवास केला, तर यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडत राहते आणि मेंदूचे काही अडत नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांचे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे गणित निराळे असते. ही औषधे पोटात अन्न गेले की नाही याची वाट पाहत नाहीत. सकाळची गोळी घेतली, पोट रिकामे ठेवले आणि पायऱ्या चढायला सुरुवात केली, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते.

तरुण माणसाला अशा वेळी घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते आणि तो सावध होतो. वृद्धांमध्ये मात्र या खुणा अनेकदा पुसट असतात, आणि पहिला बदल वागण्यात दिसतो. शांत स्वभावाचे आजोबा एकाएकी चिडतात. आजी असंबद्ध बोलू लागतात, पायरीवर बसकण मारतात, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेने पाहतात. सोबतचे म्हणतात, “उन्हाने झाले”, “थकल्या”, क्वचित “अंगात आले”. मेंदूला मिनिटामिनिटाला इंधन कमी पडत असते आणि आपण त्याला स्वभावाचे किंवा दैवी नाव देत बसतो.

म्हणून ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी: मधुमेहाची औषधे घेणाऱ्या वृद्धाच्या वागण्यात अचानक बदल झाला, तर आधी साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल तर साखर उतरली आहे असे मानूनच उपचार करावा. शुद्धीवर असल्यास तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, फरक नसल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग काहीतरी खायला घालावे. प्रसादाचा पेढा या कामाला उपयोगाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण काही गोळ्यांचा परिणाम दीर्घ काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

देवीच्या दारी जाऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. उपवास करण्यापूर्वी औषधांच्या वेळा व मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, एवढेच सांगणे आहे. वृद्ध आणि अशक्त व्यक्तींसाठी मधुमेहाची उद्दिष्टेही सैल ठेवावीत, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. तीन महिन्यांच्या सरासरीचे जे एचबीए१सी हे माप आहे, ते अशांच्या बाबतीत ८ टक्क्यांच्या आत असले तरी पुष्कळदा पुरेसे धरले जाते. साखर काटेकोर खाली आणण्याच्या नादात ती धोक्याइतकी उतरणे अधिक वाईट.

नागली, भगर आणि चहा-बिस्किटे

गडावरून उतरून पश्चिमेकडच्या गावांत गेलात, तर नागलीची भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात रानभाज्या असे जेवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दिसेल. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि ज्या नागलीला शहरात कोणी विचारत नव्हते ती दुकानांच्या फडताळांवर मानाने बसली. नागलीच्या १०० ग्रॅम धान्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गहू आणि तांदूळ या बाबतीत तिच्या जवळपासही येत नाहीत.

परंतु एक बारकावा ध्यानात घ्यावा. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकर पचायला वेळ घेते, त्यामुळे रक्तातील साखर हळूहळू चढते. तीच नागली बारीक गाळून, तिचे सत्त्व काढून पातळ खीर केली की साखर वेगाने चढते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांचेही तसेच. साखर झपाट्याने चढली की मधुमेही माणसाला सुस्ती येते, डोके जड होते, लक्ष लागत नाही. त्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी घालून थोडी भगर आणि सोबत वाटीभर दही, हा फराळ मेंदूला अधिक मानवतो.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. अनेक वृद्ध माणसे फार थोडे खातात. दात नसतात, चव गेलेली असते, जोडीदार गेल्यावर एकट्यापुरते रांधावेसे वाटत नाही. दिवस चहा-बिस्किटांवर निघतो. अपुऱ्या अन्नाचा मनावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगातून जगाला कळले. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले. त्यांचे वजन तर घटलेच, पण त्याहून लक्षणीय बदल त्यांच्या स्वभावात झाला. ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून दूर राहू लागले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. ती निरोगी तरुण माणसे होती. मग महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाची उदासी केवळ ‘एकटेपणाची’ कशी म्हणावी? त्याचे वजन दर महिन्याला पाहावे. सहा महिन्यांत ते आपोआप लक्षणीय उतरले असेल, तर ती तक्रार समजून डॉक्टरांना सांगावी.

तिसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. नागली कितीही गुणी असली तरी तिच्यात ते नाही, कोणत्याच धान्यात नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच ते मिळते. या जीवनसत्त्वाचा मेंदूशी असलेला संबंध महाराष्ट्रातच बारकाईने अभ्यासला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्यांची मुले नऊ वर्षांची झाली, तेव्हा असे आढळले की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ अत्यंत कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

वृद्धापकाळी हेच जीवनसत्त्व कमी पडण्याची कारणे अधिक असतात. जठरातील आम्ल कमी होते, त्यामुळे अन्नातील ब-१२ सुटे होत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज घेतलेल्या गोळ्या त्याचे शोषण कमी करतात. मग पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरणे वाढते, मन खिन्न होते. साध्या रक्ततपासणीने हे कळते आणि वेळीच उपचार झाले तर बरीच सुधारणा होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही.

कांद्याचा भाव आणि घराची झोप

कळवणच्या बाजार समितीत लिलावाच्या दिवशी गेलात तर कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा दिसतील. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा आणि भाव येईल या आशेवर पावसाळाभर राखायचा, हा येथील रिवाज. चाळीत कांदा घटतो, सडतो, त्याला कोंब फुटतात आणि भावाचा भरवसा नसतो. या अनिश्चिततेचे ओझे केवळ कर्त्या मुलावर असते असे समजू नका. ओसरीवर बसलेले वडील काही बोलत नाहीत, परंतु रात्री दोनदा उठून पाणी पितात आणि छताकडे पाहत पडून राहतात.

संकटाची चाहूल लागली की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते साखर वाढवते, शरीराला जागे ठेवते. वाघ समोर आला असता ही योजना जीव वाचवते, पण वाघ महिनोन्‌महिने अंगणातच बसून राहिला तर? कॉर्टिसॉल दीर्घ काळ चढे राहिले की झोप मोडते, मधुमेह व रक्तदाब बिघडतात, पोटावर चरबी साठते आणि मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाच्या कामात अडथळा येतो. पथ्य पाळूनही साखर आटोक्यात येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला कधी कधी ताटाऐवजी झोपेबद्दल विचारावे लागते, ते यासाठीच.

ताण हलका करण्याची साधने याच भूमीत आहेत. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीच्या सुरांवर सारे गाव एकत्र येते, म्हातारीकोतारीही त्यात असतात. सोबत, ताल, अंगमेहनत आणि आपण अजून गावाचे आहोत ही जाणीव, हे सारे मनाला औषधासारखे असते. शहरातल्या सदनिकेत हे जसेच्या तसे आणता येणार नाही, पण भजनी मंडळ, सकाळचा कट्टा, नातवासोबत भाजी निवडणे, यांतून त्याचा अंश मिळवता येतो.

‘वयानुसार होतंच’ म्हणण्यापूर्वी

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज एका देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये मांडला गेला. हा आकडा मोठा आहे. तरीही विसरणारा किंवा विचित्र वागणारा प्रत्येक वृद्ध स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नसतो. भेद ओळखण्यासाठी घरच्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा बदल किती काळात झाला?

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल, तर ती तातडीची बाब आहे. साखर उतरणे, शरीरातील पाणी कमी होणे, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, नवे औषध, पक्षाघात अशी कारणे असू शकतात. रक्तातील सोडियम घटणे हेही त्यांतलेच एक. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, अळणी जेवण, उन्हातला घाम आणि वर नुसते पाणी भरपूर, हे सारे एकत्र आले की सोडियम खाली जाते आणि माणूस गोंधळतो. चैत्रातल्या प्रवासात हे विशेष जपावे. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये.

काही आठवड्यांत बदल झाला असेल, तर थायरॉइडची मंदावलेली क्रिया, ब-१२ची उणीव, रक्तक्षय, नैराश्य, डोक्याला मार लागून आत हळूहळू साचणारे रक्त, यांचा तपास व्हावा. यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहेत. महिने-वर्षे सरत हळूहळू झालेला बदल मात्र स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवतो. तेथेही हात टेकण्याचे कारण नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिंगर’ अभ्यासात आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेची देखरेख हे चारही उपाय एकत्र केले, तेव्हा विचारशक्ती टिकवण्यास मदत झाली. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेल्या लोकांवर केलेला हा प्रयोग होता.

ग्रामीण भागात असा बदल दिसला की आधी भगताकडे जाण्याची पद्धत अजून आहे. नवस-नारळाने घराला धीर येत असेल तर त्याला विरोध कशाला? पण रक्ताची तपासणी त्याआधी व्हावी. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, आपल्याही गावाजवळ एखादे ग्रामीण रुग्णालय असेल. साखर, हिमोग्लोबिन यांसारख्या प्राथमिक तपासण्यांची सुरुवात तेथूनच करता येते.

सांभाळणाऱ्यांसाठी

आता दोन शब्द सुनेसाठी, मुलीसाठी, मुलासाठी, पत्नीसाठी. जो सांभाळतो, त्याचाही मेंदू याच नियमांनी चालतो. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या त्वचेवर मुद्दाम केलेली बारीकशी जखम भरायला त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. ताण असा कातडीपर्यंत पोहोचतो. सासऱ्यांना वेळेवर भरवून स्वतः दुपारी तीनला उभ्याने चार घास खाणाऱ्या सुनेची चिडचिड हा तिच्या स्वभावाचा दोष मानू नका. तिचे जेवण, तिची झोप आणि आठवड्यातून काही तासांची तिची सुटी, ही औषधांच्या वेळापत्रकात लिहून ठेवावी. मन फार खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलता येते. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

प्रवासाला निघताना

आपल्या घरातील ज्येष्ठांना घेऊन गडावर किंवा कोठेही निघताना एवढे करावे:

• सर्व औषधांची नावे व वेळा एका कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात.
• उपवास असल्यास आठवडाभर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
• साखर तपासण्याचे यंत्र, ग्लुकोज पावडर, शेंगदाणे-फुटाणे आणि पाणी हाताशी असावे.
• तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे, कारण उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.
• चढण सकाळी लवकर करावी, आणि शक्य नसेल तर संकोच न करता ट्रॉलीने जावे.
• चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नये. दिसले-ऐकू आले नाही तर अनोळखी जागी गोंधळ वाढतो.

गडावरच्या देवीची अठरा हातांची भव्य मूर्ती मान किंचित कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी तिला पुराण ऐकवतात आणि ते ऐकण्यासाठी तिने मान कलवली आहे, असे भाविक सांगतात. घरातील वृद्ध माणूस एके दिवशी वेगळे बोलू लागला, तर त्याला “काय बरळता” असे म्हणण्याआधी आपणही तशीच मान कलवावी, ऐकावे आणि विचारावे: आज जेवलात का? झोप लागली का? गोळी कधी घेतली? पाणी किती प्यालात? डॉक्टरही तपासणीच्या आरंभी हेच विचारतील. तेव्हा ही उत्तरे आपल्याकडे तयार असावीत.